डावं माउंटिंग

वार्दगेस काका बॉनेट लगेच उघडत नाहीत.
इंजिन चालू ठेवून वर एक पेला ठेवतात,
अर्धा पाण्याचा,
आणि सिगारेट पेटवतात.
पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात,
एकमेकांत घुसतात.

ग्युम्रीत पेला थरथरला की माणसं
आधी छताकडे बघतात.
सिरानुश बाईंनीही बघितलं.
आमचं छत पत्र्याचं. त्या ओशाळून हसल्या.

झिगुली चौऱ्याऐंशीची, जुन्या लोण्याच्या रंगाची.
हमायाक गेले त्याला दोन हिवाळे झाले,
तेव्हापासून त्याच चालवतात.
"सिग्नलला उभी राहिले की दात वाजतात माझे.
पळताना काही नाही."
काका माझ्याकडे वळले.
"ऐकलंस? चाकं सुटली.
अर्धं निदान बाईंनीच केलं.
बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नसतं."

मग प्लगच्या वायरी, एकेक उपसून.
पहिली काढली, इंजिन अडखळलं.
दुसरी, तसंच.
तिसरीला मला झटका बसला, काका मनापासून हसले.
चौथीलाही अडखळलं.
"चारही कामावर आहेत.
जिच्या जाण्याने काहीच फरक पडत नाही
ती मेलेली समजायची. तसं इथे कुणी नाही."
बाई पेल्याकडे बघत राहिल्या.

मला खात्री होती, कार्बोरेटर.
अख्खी दुपार तो खोलला, पेट्रोलने धुतला,
जेटमधून फुंकर मारून पलीकडचा उजेड बघितला,
पुन्हा जोडला.
कंप जिथल्या तिथे.
काकांनी अडवलं का नाही, विचारलं,
तर म्हणाले, दुपार तुझी होती.

संध्याकाळी त्यांनी मला आत बसवलं.
"ब्रेक दाब. पहिला गिअर.
क्लच केसभर सोड, केसभरच."
सोडला.
डावीकडून इंजिन उठलं,
झोपेतल्या म्हाताऱ्याला हाक मारल्यावर
तो कोपरावर उठतो तसं,
आणि धप्पकन पडलं.

तेल-पान्याखाली, म्हणजे तेलाच्या तसराळ्याखाली
(काका शब्दांत घोळ घालतात, कामात नाही)
फळी दिली, जॅक लावला.
पेट्रोल पंपाच्या बुडातून थेंब थेंब तेल
वर्षानुवर्षं रबरावर गळलेलं.
रबर कुठलं, काळा गूळ.
आणि त्याखाली, ब्रॅकेटवर,
कुणीतरी सारलेले चामड्याचे चार तुकडे.

पुसले.
एकावर टाचेचा खिळा. एकावर आकडा, ४३.

"हमायाकचे बूट," बाई म्हणाल्या.
"काळे. मी फेकून दिले म्हणून
महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता त्याने."
थोड्या वेळाने,
"मी फेकले नव्हते."
आणखी थोड्या वेळाने एक शिवी दिली,
आर्मेनियन भाषेतली, पण अगदी मऊ.

कुणाचा पायपोस कुणाच्या पायात, तसा
तो तळवा सगळी वर्षं इंजिनाचं वजन सोसत होता.
काकांनी तुकडे उलटसुलट बघितले.
"नीट कापलेत," म्हणाले.
आमच्याकडे हा मोठा सन्मान.

नवं माउंटिंग बसवलं.
मी बोल्ट आवळायला धावलो तर हातावर चापट.
"आधी सुरू कर. हलू दे.
त्याचं त्याला बसू दे. मग आवळ."

पुन्हा पेला.
पाणी जवळजवळ गप्प.
कडेला एक बारीक सुरकुती उरली होती.
"ती राहू दे. झिगुली आहे ही, कबर नाही."

बाईंनी पैसे मोजले,
चामडं रुमालात बांधून घेऊन गेल्या.

पुढच्या गुरुवारी परत दारात.
इंजिन छान आहे म्हणे,
पण डॅशबोर्डाच्या कप्प्यातून
सारखं काहीतरी टकटकतं.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.
काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला,
म्हणाले, "टाचेचा खिळा,"
आणि मला कॉफी ठेवायला पाठवलं.